आपला तो हा

“कितव्या पानावर मरायचंय?”

नवी पटकथा हातात पडली की त्यांचा पहिला प्रश्न हा. गोष्ट कशाची आहे, दिग्दर्शक कोण, सोबत कोण कोण, हे सगळं मागाहून. आधी मरणाचं पान शोधायचं, त्याचा कोपरा दुमडायचा आणि समाधानाने म्हणायचं, “चला, चौथ्या भागापर्यंत आपलं जेवण आहे.”

तुम्हीसुद्धा त्यांना पाहिलं असणार. ब्रिटिश मालिका अधूनमधून बघत असाल तर नक्कीच. चष्म्यावरून आरोपीकडे बघणारा न्यायाधीश, लग्नात पुस्तकातली ओळ हरवून बसणारा पाद्री, पहिल्याच भागात चहाच्या कपावर डोकं टेकून गतप्राण होणारा निवृत्त कर्नल. चेहरा लगेच ओळखू येतो आणि नाव काही केल्या आठवत नाही. आयर्लंडमध्ये अशा माणसाला ‘युअर मॅन’ म्हणतात. म्हणजे आपलं ‘अगं तो नाही का, आपला तो हा!’ तसंच. त्यांच्याच नाही, कुणाच्याही बाबतीत म्हणतात. पण त्यांच्यावर ते नाव इतकं चपखल बसलं होतं की मी खरं नाव इथे मुद्दामच लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही.

ते मूळचे इंग्लंडचे. तरुणपणी रंगभूमीवर होते, नायक व्हायचं राहून गेलं. साठी उलटली, केस पांढरे झाले, गाल ओघळले आणि टीव्हीवाले दारात येऊन उभे राहिले. “माझ्या चेहऱ्याला वयात यायलाच साठ वर्षं लागली,” असं ते म्हणायचे. बायको आयरिश होती, म्हणून दोघं ग्रेस्टोन्सला, तिच्या गावी समुद्राकाठी येऊन राहिले. ती गेल्यावरही ते तिथेच राहिले.

एकदा औषधांच्या दुकानात रांगेत उभे असताना मागच्या बाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. “त्या बिचाऱ्या नर्सला जन्मठेप देताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?” यांनी टोपी काढली आणि गंभीरपणे सांगितलं, “बाईसाहेब, रात्रभर झोप आली नाही. पण पुरावाच तसा होता.” बाईंचं समाधान झालं म्हणे.

माझी आणि त्यांची ओळख नाकपुडीतून झाली. मी नागपूरची दातांची डॉक्टर. नवऱ्याला ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही आयर्लंडला आलो आणि ब्रे गावात राहिलो. इथे दवाखान्यात काम करायचं तर नोंदणीची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा कोरोनाने पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली. नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ऑफिसच्या मीटिंगा करत होता, लेक त्याच्यासमोर बसून ऑनलाइन शाळा करत होती, आणि मी कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून धडपडत होते. अशात जवळच्याच विकलोच्या डोंगरात एका मालिकेचं शूटिंग सुरू होणार असल्याचं कळलं. रोज सगळ्यांचा स्वॅब घेणारं, मास्क-अंतराकडे लक्ष ठेवणारं माणूस त्यांना हवं होतं. मी गेले.

एक भलामोठा जुना बंगला, समोर हिरवळ, आणि हिरवळीच्या कडेला माझा तंबू. पहिल्याच सकाळी ते आत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोकं मागे टाकून म्हणाले, “डॉक्टर, आज उजवी घ्या. डावी फार मनाला लावून घेते.”

मी अंगभर प्लास्टिक, तोंडाला मास्क आणि वर फेसशील्ड अशी उभी होते. घसा बघायचा होता. सवयीने तोंडातून निघून गेलं, “आ करा.” नागपूरला दिवसातून शंभरदा म्हणायचे ना! त्यांनी ‘आ’ केला, आणि झाल्यावर विचारलं की तुमच्या भाषेतलं ‘सुप्रभात’ होतं का हे? मी हसून ‘हो’ म्हणून मान हलवली. तेव्हापासून ते येताजाता मला लांबून हात करून ओरडायचे, “आ-अ-आ!” क नाही, र नाही, नुसते स्वर. हळूहळू सगळं युनिटच मला “आ-अ-आ” म्हणायला लागलं. इंग्रज जिभेला आपले शब्द जमत नसतील, असं मला वाटलं.

फावल्या वेळात ते मरायचं कसं ते शिकवायचे. मेलेल्या माणसाचं पोट हलता कामा नये, श्वास पाठीत घ्यायचा. डोळे घट्ट मिटायचे नाहीत, मेलेला माणूस कशाला मिटेल घट्ट? एकदा बागेतल्या बाकावर त्यांनी मला हे करून दाखवलं. इतकं मनापासून दाखवलं की पलीकडून पानांची ढकलगाडी घेऊन येणाऱ्या माळ्याने गाडी तिथेच टाकली आणि तो “जीझस!” म्हणत धावत आला. हे उठून बसले आणि त्याला म्हणाले, “धन्यवाद. याहून चांगलं परीक्षण कधी आलं नाही.”

असा सगळा आनंद होता. पण सेटवर मात्र काहीतरी बिनसत होतं.

नियम असा होता की तालमीत सगळ्यांनी मास्क लावायचे, नटांनीसुद्धा. प्रत्यक्ष कॅमेरा सुरू झाला की फक्त नटांनी काढायचे. दिग्दर्शक कॉनर बेलफास्टचा तरुण मुलगा, दाढीवाला, बोलायचा भराभरा आणि मास्कच्या आतल्या आत. तो सांगायचा खिडकीपाशी थांबा, हे जाऊन खुर्चीत बसायचे. तो म्हणायचा ग्लासला हात लावू नका, हे ग्लास उचलायचे. कुणीतरी विचारलं, “थंडी वाजतेय का?” यांनी घड्याळ बघून उत्तर दिलं, “साडेचारला.” लोक हसले. हेही हसले. पण तेच पुन्हा पुन्हा व्हायला लागलं, तेव्हा हसणं थांबलं आणि कुजबुज सुरू झाली. म्हातारा चळायला लागला बहुतेक.

नीव्ह म्हणून सहायक दिग्दर्शिका होती, फार मायाळू मुलगी. ती माझ्या तंबूत आली. “तू रोज भेटतेस त्यांना. डोकं ठिकाणावर आहे ना गं त्यांचं?”

“माझ्याशी तर छान बोलतात,” मी म्हटलं. पण म्हणतानाच जाणवलं की बोलतात तेच. मी काही बोलले आणि त्यांनी त्याला धरून उत्तर दिलं, असं कधी झालं होतं?

दुसऱ्याच दिवशी जे पाहिलं ते मी विसरणार नाही. बंगल्याच्या पायऱ्यांशी कॉनर, नीव्ह आणि निर्मातीबाई उभ्या होत्या. तिघांच्याही तोंडाला मास्क. आपला माणूस त्यांच्यापासून चार पावलांवर खुर्चीत चहा घेत बसला होता. निर्मातीबाई म्हणाल्या, “मरणाऱ्या बापाचं शेवटचं भाषण त्यांच्याकडून होणार नाही. ते मुलीच्या तोंडी टाका. ते नुसते पडून राहतील, तेवढं जमेल.” कॉनर काहीतरी पुटपुटला. नीव्हने यांच्याकडे ओशाळून पाहिलं. तिने पाहिलं म्हणून यांनी हसून मान डोलावली. अगदी मनापासून, जणू काही, हो हो, फारच उत्तम कल्पना!

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. नागपूरला माझे बाबा असंच हसतात. लग्नकार्यात चारजण हसले की क्षणभर मागून ते हसतात आणि सगळ्यांकडे बघून मान डोलावतात. बाबांचे कान जाऊन बरीच वर्षं झाली.

दुपारी चहाच्या सुट्टीत मी हिरवळीच्या पार टोकाला जाऊन उभी राहिले आणि त्यांना हाताने बोलावलं. चांगलं अंतर ठेवलं आणि माझा मास्क खाली केला. आवाज मुद्दाम अगदी हळू ठेवून विचारलं, “तुमच्या घरून समुद्र दिसतो का?”

“स्वयंपाकघरातून दिसतो,” ते लगेच म्हणाले. “पण भांडी घासायला उभं राहिलं तरच. बायकोने मला भांडी घासायला लावायचा काढलेला तो मार्ग होता.”

मी आणखी काही विचारलं. प्रत्येक गोष्टीचं नेमकं, चटपटीत उत्तर आलं. मग मी मास्क वर केला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांनी क्षणभर माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “हो ना, पाऊस येणार असं वाटतंय.”

मी मास्क काढला. “तुम्हाला ऐकू येत नाही.”

“छे! थोडं कमी येतं. या वयात सगळ्यांनाच—”

“तुम्ही ओठ वाचता.”

त्यांनी हातातला कप शेजारच्या बाकाच्या कडेवर ठेवला, मग तो पडेल असं वाटून उचलून खाली गवतावर ठेवला. “दाढीवाल्या दिग्दर्शकांशिवाय आजवर कुणी पकडलं नव्हतं मला,” ते म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ऐकू येणं केव्हाच कमी झालं होतं. बोलण्यातले स्वर कानावर पडत, व्यंजनं गळून जात. म्हणून आ-अ-आ! कानातलं यंत्र घेतलं होतं, पण ते शूटिंगमध्ये शिट्टी वाजवायचं आणि ध्वनिमुद्रणवाला कपाळाला हात लावायचा. लंडनला एकदा खरं सांगून पाहिलं, तर फार आदबीने ती भूमिका काढून दुसऱ्याला दिली गेली. त्यानंतर यंत्र कपाटात गेलं आणि यांनी ओठ वाचायला सुरुवात केली. फोन वाजला की बायको घ्यायची. ती ऐकायची आणि आवाज न करता नुसत्या ओठांनी यांना सांगायची; हे फोनमध्ये उत्तर द्यायचे. “माझा एजंट म्हणायचा, तुझ्याइतका विचार करून बोलणारा नट पाहिला नाही. दर वाक्याआधी थांबतोस!” ते हसले, आणि हसता हसता त्यांनी समुद्राच्या दिशेला तोंड फिरवलं, जरी तिथून समुद्र दिसत नव्हता.

“ती गेल्यापासून फोन वाजला की मी घराबाहेर जाऊन उभा राहतो,” ते म्हणाले. “आणि आता तर सगळ्या जगानेच तोंड झाकून घेतलंय.”

“मग कॉनरला सांगा ना.”

“आंधळा म्हातारा चालतो, डॉक्टर. चाकाच्या खुर्चीतला तर फारच चालतो, त्याला बक्षिसं मिळतात. बहिऱ्याला कोण उभं करेल? हे शेवटचं मोठं काम आहे माझं. तुम्ही कृपा करून बोलू नका.”

माझ्यापुढे मोठाच पेच पडला. गप्प बसले तर भाषण जाणार, आणि का गेलं तेही यांना कळणार नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत, ओठ नीट हलवत सांगितलं, “ते भाषण काढताहेत. तुम्ही आता चळला आहात असं त्यांना वाटतंय.”

“कोण म्हणालं?”

“सकाळी पायऱ्यांपाशी बोलत होते. तुमच्यासमोरच.”

“आणि मी काय करत होतो?”

“तुम्ही मान डोलावत होता.”

“छान डोलावली असेल,” ते म्हणाले. कप तिथेच गवतात ठेवून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या तंबूत ते फारसं बोलले नाहीत. टोपी काढली, डोकं मागे टाकलं, झालं की उठून गेले. मी आपलं बोलून चूक केली की काय, या विचाराने माझे हात स्वॅबच्या नळ्या लावता लावता थांबत होते. सकाळच्या सूचनांसाठी सगळं युनिट हिरवळीवर जमलं, लांब लांब उभं. नीव्हचं बोलून झालं, आणि हे पायऱ्या चढून वर गेले. नाटकातला माणूस तो. आवाज शेवटच्या झाडापर्यंत पोचला.

“मित्रहो, दोन मिनिटं. मी चळलेलो नाही. मी बहिरा झालोय. गेली कित्येक वर्षं तुमच्या तोंडाकडे बघून काम करत आलो. तुमची तोंडं झाकली गेली तसा मी नुसत्या अंदाजाने चालतोय, आणि अंदाज चुकताहेत. हे आधी सांगायला हवं होतं, भीती वाटली म्हणून सांगितलं नाही. आणि एक. गेल्या काही दिवसांत माझ्यासमोर कोण काय बोललं, ते मला अजिबात ऐकू आलेलं नाही. तेव्हा कुणी मनाला लावून घेऊ नका.”

त्यांना कळलं होतं, हे तिथे फक्त मला ठाऊक होतं. नीव्ह पाठ फिरवून डोळे पुसत होती.

मग दिवे लावणाऱ्यांपैकी एक जाडजूड गडी मागून ओरडला, “अहो, मग आधी नाही का सांगायचं! यू आर ग्रँड, काही बिघडत नाही!” आणि आपण मास्कमधून ओरडलो हे लक्षात आल्यावर त्याने दोन्ही हातांचे अंगठे वर केले. कॉनर उलट्या पावलांनी चालत हिरवळीच्या मधोमध गेला, मास्क खाली केला आणि सावकाश, तोंडाचा मोठा आकार करून म्हणाला, “मला माफ करा.”

“आधी ती दाढी काढ,” हे पायरीवरून म्हणाले. “दाढीतून माफी वाचता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी कॉनर गुळगुळीत गालांनी आला. दाढीखाली अगदीच पोरगेलासा निघाला, सेटवर आठवडाभर त्याची चेष्टा चालली.

पुढे सगळं सोपं झालं, असं मात्र नाही. मी तोंडापाशी पारदर्शक खिडकी असलेले मास्क मागवले. ते थंडीत दोन वाक्यांत धुक्याने भरायचे आणि आत ओठांऐवजी ढग दिसायचे. शेवटी सूचना द्यायच्या असल्या की सगळे बाहेर जायचे, कॉनर लांब उभा राहून मास्क काढायचा आणि मी मध्ये अंतर मोजत फिरायचे. भाषण परत मिळालं, पण अर्धंच. उरलेलं निर्मातीबाईंनी तोवर नव्याने लिहून घेतलं होतं आणि त्या मागे हटल्या नाहीत. “गेलेला भाग वाईटच होता,” हे म्हणाले. वाईट नव्हता. त्यांनी तो मला बागेत म्हणून दाखवला होता.

अडचण आली ती नेमकी त्याच दृश्यात. बाप अंथरुणावर आहे. बऱ्याच वर्षांनी परत आलेली मुलगी त्याच्या पांघरुणात तोंड खुपसून रडत बोलते, तिचं बोलणं संपलं की बापाने बोलायचं. पण तोंड पांघरुणात, मग हिचं संपलं कधी हे यांना कळणार कसं? मुलीचं काम करणाऱ्या नटीनेच मार्ग काढला. ती म्हणाली, “माझं वाक्य संपलं की मी तुमचा हात दाबीन.”

टेक सुरू झाला. मी दाराबाहेर कॉनरच्या मागे उभी राहून छोट्या पडद्यावर बघत होते. ती बोलली, वाक्य संपलं, आणि तिला खरंच रडू फुटलं. हात दाबायचं ती विसरली. हे वाट बघत राहिले. त्यांना ठाऊक नव्हतं की आता आपली पाळी आहे. ते नुसते तिच्या डोक्याकडे बघत होते, पांघरुणावर पसरलेल्या केसांकडे, ती काय सांगतेय ते कळावं म्हणून सगळा जीव डोळ्यांत आणून. ती शांतता लांबत गेली. कॉनरने ‘कट’ म्हणायला हात उचलला आणि तसाच धरून ठेवला. मग तिला आठवलं, तिने हात दाबला, आणि ते बोलले. दोन-तीनच वाक्यं. माझ्या शेजारी तो दिव्यांचा जाडजूड गडी उभा होता. तो मास्क नाकावर घट्ट दाबून छताकडे बघत होता.

दुसरा टेक कॉनरने घेतलाच नाही.

वसंतात शूटिंग संपलं. पुढे माझी परीक्षा झाली, मी पास झाले आणि दूर उत्तरेकडच्या लेटरकेनी गावातल्या एका दवाखान्यात रुजू झाले. मालिका वर्षाच्या शेवटी दाखवायची ठरली होती. त्याआधीच, शरदात, एका दुपारी नीव्हचा फोन आला. सकाळी शेजारीण दूध द्यायला गेली तर हे बिछान्यात. झोपेतच गेले. खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसला होता. मी हातमोजे बदलले आणि त्याच्या दाढेचं काम पुरं केलं. मालिका आली तेव्हा आम्ही घरी तिघं मिळून पाहिली. त्यांचं दृश्य सुरू झालं तेव्हा लेक मला बिलगून बसली आणि तिच्या आयरिश हेलात हळूच म्हणाली, “ममी, ही लव्ह्ड हर, डिडन्ट ही?” मी हो म्हटलं.

पण ते आठवतात तेव्हा मला ते पडद्यावरचे आठवत नाहीत. लेटरकेनीला जाण्याआधी, उन्हाळ्यात, मी त्यांना भेटायला ग्रेस्टोन्सला गेले होते. निर्बंध सैल झाले होते. दोन्ही कानांत नवी यंत्रं होती, त्यांची स्वतःची मुलगी इंग्लंडहून येऊन बसवून गेली होती, आणि त्यांची तक्रारच तक्रार चालली होती. फ्रिज घुरघुरतो. स्वतःचे बूट वाजतात. पक्षी पहाटे चारला आरडाओरडा करतात, त्यांना कुणी विचारत कसं नाही?

आम्ही किनाऱ्यावर उतरलो. तिथे वाळू नाही, गोटे आहेत. लाट आली, फुटली आणि परत जाताना तिने गोट्यांना खाली ओढलं, हजारो गोटे एकमेकांवर आपटत खळखळत गेले. ते चालता चालता थबकले. दुसरी लाट आली, गेली. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

“निघायचं का? वारा आहे,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे न बघता बोट वर केलं, गप्प राहा म्हणून. मी गप्प राहिले. तिसरी लाट यायची होती.